आरोग्य राखण्याचे शिक्षण: डॉक्टर, सिस्टर आणि आशाताई

प्रौढांमधल्या तंबाखूच्या वापराची देशव्यापी पाहणी 2016-17 साली झाली. महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात, असे त्यात आढळले. ओढणारे होते फक्त 3.8 टक्के. तंबाखू मळणारे, मशेरी लावणारे, विदर्भात खर्रा चघळणारे, असे सगळे मिळून खाणारे मात्र 24.4 टक्के होते. याच पाहणीत देशभरातल्या लोकांना आणखी एक प्रश्न विचारला होता: गेल्या वर्षभरात दवाखान्यात गेलात तेव्हा डॉक्टरांनी किंवा इतर आरोग्य कर्मचाऱ्यांनी तंबाखू सोडायला सांगितले का? विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपैकी 48.8 टक्के लोक ‘हो’ म्हणाले. तंबाखू खाणाऱ्यांत हे प्रमाण 31.7 टक्क्यांवर आले. म्हणजे दवाखान्याची पायरी चढलेल्या, ज्यांचे दात पाहूनही सवय ओळखता आली असती अशा दर तीन माणसांतल्या दोघांना त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

यात डॉक्टरांचे अज्ञान नाही. तंबाखूने कोणते कर्करोग होतात हे एमबीबीएसचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी झोपेतून उठवले तरी सांगेल. समोर बसलेल्या, पोट दुखते म्हणून आलेल्या बाईकडे मशेरीचा विषय कसा काढायचा, तिने ‘मशेरी लावल्याशिवाय शौचाला होत नाही’ म्हटल्यावर पुढे काय बोलायचे आणि महिन्याने ती परत आली तर कुठून सुरुवात करायची, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. आरोग्य संवर्धनाच्या शिक्षणाचा सगळा प्रश्न या जागी येऊन उभा राहतो. गेल्या पाऊणशे वर्षांत आपल्याकडे या शिक्षणाचे काय काय प्रयत्न झाले, त्यातले काय टिकले आणि काय वाहून गेले, याचा हा आढावा आहे.

आरोग्य संवर्धन म्हणजे रोग झाल्यावरचे उपचार नव्हेत आणि नुसती लस टोचणेही नव्हे. माणसांना स्वतःच्या आरोग्यावर ताबा मिळवता यावा, ते सुधारता यावे, यासाठी जे जे करावे लागते ते सगळे यात येते. कॅनडाचे आरोग्यमंत्री मार्क लालोंद यांच्या 1974 सालच्या अहवालाने आरोग्य हे दवाखान्याइतकेच राहणीमान आणि परिसर यांवर ठरते, हा विचार सरकारी पातळीवर आणला. 1978 साली आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. 21 नोव्हेंबर 1986 रोजी ओटावा येथे आरोग्य संवर्धनाची सनद तयार झाली आणि तिने कामाची पाच क्षेत्रे सांगितली: आरोग्याला पोषक सार्वजनिक धोरण, पोषक परिसर, लोकांची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवेला नवी दिशा. पाचव्या क्षेत्राबद्दल लिहिताना सनदेने स्पष्ट म्हटले आहे की त्यासाठी आरोग्य व्यावसायिकांच्या शिक्षणात आणि प्रशिक्षणातही बदल करावा लागेल. पुढे युरोपात या कामाला लागणाऱ्या क्षमतांची नऊ क्षेत्रांत मांडणी झाली. बदलाला बळ देणे, पाठपुरावा, भागीदारी, संवाद, नेतृत्व, गरजांचे मोजमाप, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन अशी ती यादी आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत यातल्या संवादाला जेमतेम जागा मिळते. पाठपुरावा आणि भागीदारी हे शब्दही तिथे परके वाटतात.

भारताला हे बाहेरून शिकावे लागले, असे मात्र मुळीच नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 साली, म्हणजे ओटावाच्या चाळीस वर्षे आधी, आपल्याला ‘सामाजिक वैद्य’ घडवायचा आहे असे लिहून ठेवले. डॉक्टरला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, ही त्या समितीची शिफारस. त्यातून वैद्यकीय महाविद्यालयांत वेगळा विभाग उभा राहिला. तोच पुढच्या पिढ्यांच्या तोंडी ‘पीएसएम’ झाला. 1956 साली केंद्रीय आरोग्य शिक्षण ब्युरो स्थापन झाला. जिल्ह्यांत आरोग्य शिक्षणासाठी विस्तार व माध्यम अधिकारी आले. कागदावर सांगाडा उत्तम होता.

तो कागदावरच का राहिला, याचे कारण वैद्यकीय शिक्षणाच्या घडणीत सापडते. अमेरिकेतल्या अब्राहम फ्लेक्सनर यांच्या 1910 सालच्या अहवालापासून प्रयोगशाळा आणि मोठे रुग्णालय ही डॉक्टर घडवण्याची जागा ठरली. भोंदू महाविद्यालये बंद पडली, विज्ञानाला मान मिळाला, हे मोठे काम झाले. पण त्याच घडणीत माणूस रुग्णालयात येण्याआधी आणि तिथून गेल्यावर जिथे राहतो, ती सगळी जागा अभ्यासाबाहेर गेली. या अहवालाला शंभर वर्षे झाली तेव्हा, 2010 साली, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या हुलिओ फ्रेंक आणि लिंकन चेन यांच्या आयोगाने हीच उणीव जगभरच्या आरोग्यशिक्षणात दाखवून दिली. आपण तर फ्लेक्सनरचा सांगाडा उचलला आणि त्याच्या कडेला भोर समितीचा विभाग जोडून दिला. रुग्णालयातल्या वॉर्डात जो मान, जी चुरस, जी भीती असते, ती या कडेच्या विभागाला कधीच लाभली नाही.

1975 साली श्रीवास्तव समितीने हे ओळखले. तिच्या शिफारशींमधून 1977 साली वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देण्याची योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तालुका पातळीवरच्या तीन विकास गटांची आरोग्यसेवा आपली मानायची, प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी तिथे जायचे, त्यासाठी फिरत्या दवाखान्याच्या मोठ्या गाड्या मिळतील, अशी ती योजना होती. गाड्या मिळालेल्या महाविद्यालयांत पुढे त्या वर्षानुवर्षे आवारात नुसत्या उभ्या होत्या, हे लोकांनी पाहिले आहे. योजनेने वाहन दिले, पण मेडिसिन आणि सर्जरीच्या प्राध्यापकाला गावात जाण्याचे काही कारण दिले नाही. त्याची बढती, त्याचा लौकिक, त्याच्या विद्यार्थ्यांचे गुण, यांतले काहीही त्या गावावर अवलंबून नव्हते.

परीक्षेचे टेबल जवळून पाहिले की हे नीट कळते. पीएसएमची तोंडी परीक्षा. टेबलावर गहू-तांदळाच्या वाट्या, डासांच्या अळ्यांची बाटली, गर्भनिरोधकांचा ट्रे. परीक्षक विचारतात: आरोग्य शिक्षण आणि प्रचार यांत फरक काय? हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, कारण जबलपूरहून निघणाऱ्या ‘पार्क’ या पाठ्यपुस्तकात त्याचा तक्ताच दिलेला आहे. विद्यार्थी तक्ता घडाघडा म्हणतो: शिक्षण विचार करायला लावते, प्रचार तयार विचार गळी उतरवतो. गुण मिळतात. त्याच मुलाला पुढच्या आठवड्यात उपकेंद्रावर उभे केले, तर तो समोरच्या बायकांना ‘लोहयुक्त आहार घ्या, स्वच्छता पाळा’ असे भाषण देतो आणि निघतो. ज्याला तक्त्यात प्रचार म्हटले आहे, तेच तो करतो आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. त्याला बोलायला लावून पाहणारा परीक्षक त्याला भेटलेलाच नसतो. वैद्यकीय विद्यार्थी आळशी नसतात. जे विचारले जाईल ते ते जीव तोडून शिकतात. जे विचारले जात नाही त्यासाठी त्यांच्याकडे वेळ नसतो.

2019 सालच्या प्रवेशापासून देशभर क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. सुरुवातीला पायाभूत वर्ग, पहिल्या वर्षापासून रुग्णांशी गाठ, वृत्ती-नीती-संवादासाठी स्वतंत्र तास, प्रत्येक कौशल्याची लॉगबुकात नोंद. बदल खरा आहे आणि त्याचे स्वागतच करायला हवे. सामुदायिक वैद्यकात, म्हणजे पूर्वीच्या पीएसएममध्ये, आरोग्य संवर्धन आणि आरोग्य शिक्षणाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्यातल्या क्षमता वाचा. आरोग्य शिक्षणाच्या पद्धती, त्यांचे फायदे-तोटे यांचे वर्णन करता येणे. व्यक्ती, कुटुंब, समुदाय या पातळ्यांवर आरोग्य संवर्धनाचे उपक्रम कसे आखायचे याचे वर्णन करता येणे. कार्यक्रमाच्या मूल्यमापनाच्या पायऱ्या करून दाखवता येणे. शंभराहून अधिक क्षमतांच्या यादीत या विषयाच्या वाट्याला या तीन आल्या आणि त्यातल्या दोन वर्णनाच्या. एका माणसाशी बोलून दाखव, एका कुटुंबाबरोबर वर्षभर राहून काय बदलले ते सांग, असे या प्रकरणात कुठे म्हटलेले नाही.

ते म्हटले गेले ते दुसऱ्या दाराने. कुटुंब दत्तक कार्यक्रमात आता प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून किमान तीन कुटुंबे आपली मानून त्यांच्याकडे पुढची वर्षे जात राहायचे आहे. या कल्पनेचे मूळ आपल्या वर्धा जिल्ह्यात आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली, तेव्हापासून तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. प्रवेश घेतल्यावर आश्रमात शिबिर, मग गावात पंधरा दिवसांचा मुक्काम, प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही घरे आणि नंतर ठरावीक दिवशी त्याच घरांना पुन:पुन्हा भेटी. पहिल्या भेटीत मुले वजन करतात, रक्त तपासतात, फॉर्म भरतात. पाचव्या-सहाव्या भेटीपर्यंत त्यांना कळलेले असते की लोहाच्या गोळ्या डब्यात तशाच पडून असतात, कारण त्या घेतल्या की मळमळते आणि शेतावर काम होत नाही. की आंघोळीचे पाणी दारातच साचते, कारण गटार पुढच्या घराच्या भांडणात अडकले आहे. व्याख्यानातून हे उमगत नाही. त्याच घरात पुन्हा जावे लागते, आणि मागच्या वेळी दिलेला सल्ला फुकट गेला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते.

देशभर हा नमुना नेताना काय होईल, याची काळजी वाटते ती एवढ्यासाठीच. सेवाग्रामला संस्थेचा जन्मच या विचारातून झाला. खादी, प्रार्थना, श्रमदान यांसह तो तिथल्या दिनक्रमात मुरला आहे. दीडशे-दोनशे विद्यार्थ्यांची तुकडी घेणाऱ्या, सामुदायिक वैद्यकात मोजके शिक्षक असणाऱ्या महाविद्यालयात बस भरून मुले गावात उतरतात, मंडपात मोफत तपासणी शिबिर होते, फोटो निघतात आणि बस परत जाते. गावालाही मग हे पाहुणे नकोसे होतात. कुटुंब दत्तक घेतले म्हणायचे असेल, तर विद्यार्थ्याला त्या घरातल्या माणसांची नावे ठाऊक हवीत आणि त्या घरालाही त्याचे नाव. माझ्या मते या कार्यक्रमाचे मूल्यमापन गावात जाऊन, त्या कुटुंबासमोरच व्हायला हवे. लॉगबुकातल्या सह्या पुरेशा नाहीत.

इंटर्नशिपची कथा त्याहून अवघड. 2021 च्या नियमांनुसार इंटर्नला सामुदायिक वैद्यकात 12 आठवडे काढायचे असतात. बहुतेक ठिकाणी हेच 12 आठवडे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाचे हक्काचे दिवस मानले जातात. ग्रामीण पोस्टिंग म्हणजे अभ्यासाला सवड, हे वरच्या तुकडीकडून खालच्या तुकडीला मिळणारे पहिले शहाणपण. वसतिगृहात बहुपर्यायी प्रश्नांचे ग्रंथ घेऊन बसलेल्या त्या मुलामुलींना दोष देऊन उपयोग नाही. एका परीक्षेवर आयुष्य टांगून ठेवले की बाकी सगळे सुटीच वाटणार.

परिचारिकांच्या शिक्षणात चित्र निराळे आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला समाज आरोग्य परिचर्येत गृहभेट रीतसर शिकवतात. घरात गेल्यावर बॅग कुठे ठेवायची, वर्तमानपत्र अंथरून साबण-टॉवेल आधी कसे काढायचे, हात धुऊन मगच आतल्या वस्तूंना हात लावायचा, कुटुंबाची पुस्तिका कशी भरायची, काळजीचा आराखडा कसा करायचा. या ‘बॅग टेक्निक’मध्ये शिस्त आहे आणि शिस्तीच्या आड एक आदरही आहे: दुसऱ्याच्या घरात आपण पाहुण्या आहोत. आरोग्याविषयी बोलण्यासाठी त्या तक्ते करतात, फ्लॅश कार्ड रंगवतात, भूमिका वठवून दाखवतात. उणीव आहे ती पुढच्या टप्प्यावर. रुग्णालयात नोकरीला लागलेल्या सिस्टरच्या हाताखाली दोन वॉर्डांचे रुग्ण येतात आणि घरी सोडताना मधुमेहाच्या रुग्णाला पायाची काळजी समजावून सांगायला मिनिटभरही उरत नाही. उपकेंद्रावरची आरोग्यसेविका लसीकरण, बाळंतपणे आणि नोंदवह्या यांत बुडालेली असते. शिकवलेले कौशल्य वापरायला वेळच नसेल, तर ते दोन-चार वर्षांत गंजते.

2018 साली आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे करायचे ठरले. पुढे त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आला आणि त्याच्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. महाराष्ट्रात या पदांवर बीएएमएस झालेले डॉक्टर मोठ्या संख्येने गेले. त्यांच्या मूळ अभ्यासक्रमात स्वस्थवृत्त नावाचा अख्खा विषय असतो: दिनचर्या, ऋतुचर्या, आहार, झोप, व्यायाम. वैद्यकाच्या दुसऱ्या कोणत्याही शाखेत निरोगी माणसाला एवढी जागा नाही. ही शिदोरी सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाने नीट वापरायला हवी होती. प्रत्यक्षात या अधिकाऱ्यांचा दिवस तिशीवरच्या सर्वांचे रक्तदाब, साखर तपासणे आणि पोर्टलवर आकडे चढवणे यांत जातो. तपासणीत सापडलेल्या माणसाला पुढे मीठ कमी करायला, चालायला, गोळी न चुकवायला कसे तयार करायचे, हे काम आकड्यांच्या रकान्यात बसत नाही म्हणून मागे पडते.

आता आशाताईंकडे. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावातल्याच बाईला आरोग्य कार्यकर्ती नेमण्याची ही योजना आली. आज देशात सुमारे दहा लाख आणि महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. सुरुवातीला 23 दिवसांचे प्रशिक्षण, टप्प्याटप्प्याने. त्यानंतर प्रशिक्षणाचे सहावे-सातवे पुस्तक 20 दिवसांत. एमबीबीएसला साडेचार वर्षे आणि इंटर्नशिप. तरीही आरोग्य संवर्धनाचे प्रत्यक्ष काम कोण करते, तर या बायका.

आणि त्यांना शिकवण्याच्या पद्धतीत या विषयातले आपले सगळ्यात मोलाचे धन आहे. ते महाराष्ट्रातच घडले. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावात पाठवून पाहिल्या. परगावची एकटी मुलगी गावात राहू शकेना, गावाचाही विश्वास बसेना. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या. आल्यावर पहिला वेळ एकमेकींशी बोलण्यात जायचा: घरी काय झाले, गावात काय झाले, कोण काय म्हणाले. एकत्र जेवण, एकत्र झोपणे. जात तिथे हळूहळू विरघळत गेली. त्यानंतर त्या आठवड्याचा एक विषय, जुन्याची उजळणी आणि पुढच्या आठवड्यात गावात करायचे काम. हे वर्षानुवर्षे चालले. जामखेड परिसरात 1971 साली हजार जन्मांमागे 176 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात ही संख्या 20 च्या आसपास आली. मला या प्रशिक्षणात दोन गोष्टी निर्णायक वाटतात. ते कधी ‘पूर्ण’ झाले नाही, आणि शिकणाऱ्या बाईला आधी स्वतःची किंमत कळावी याला त्यात पहिले स्थान होते. ज्या बाईला घरात कोणी विचारत नाही, तिने गावाला काही सांगावे अशी अपेक्षा करायची, तर आधी तिच्या पाठीचा कणा ताठ व्हायला हवा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हेच सूत्र काटेकोर मोजमापाने सिद्ध केले. 39 गावांतल्या थोडेफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. जंतुसंसर्गावर त्यांनी दिलेल्या इंजेक्शनांचा यात मोठा वाटा होता, हेही सांगायला हवे. नुसत्या आरोग्य शिक्षणाचे हे यश नव्हे. पण ऊब, स्तनपान, हात धुणे हे घराच्या रीतीत उतरले ते या बायकांमुळे. शिकवणे पायरीपायरीने, प्रत्येक पायरी हाताने करून. आणि पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन काम पाहणार. आशांच्या सहाव्या-सातव्या पुस्तकात आणि 2011 पासूनच्या नवजात बालकांच्या गृहभेटींमध्ये हाच वारसा आला आहे.

चांगली शिकलेली आशाताई सातव्या दिवशी बाळाच्या घरी जाते तेव्हा काय करते ते पाहण्यासारखे असते. आधी हात धुते. बाळाचे कपडे काढायच्या आत श्वास मोजते, मग झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर. नाळेकडे पाहते. मग पाट ओढून सासूजवळ बसते. बाळाला मध चाटवला की नाही हे ती विचारत नाही. ‘तुमच्या वेळी काय चाटवायचे?’ असे विचारते. सासू मोकळेपणाने सांगते. मध, गुटी, कोणी गाईचे दूध. आशाताई ऐकून घेते, आणि मग आता सहा महिने आईचेच दूध का, हे सासूला सांगते. सून आत सगळे ऐकत असते. सासूला डावलून सुनेला दिलेला सल्ला त्या घरात टिकत नाही, हे आशाताईला पक्के ठाऊक आहे. एमबीबीएसच्या कोणत्या प्रकरणात ते लिहिलेले आहे?

एका बाळाच्या अशा सगळ्या गृहभेटी पुऱ्या केल्या की तिला मिळतात 250 रुपये. मोजता येणाऱ्या कामाला मोबदला आणि बोलण्याला काही नाही, अशा व्यवस्थेत बोलणे टिकून आहे ते त्यांच्या मायेवर.

डॉक्टरच्या दोन शब्दांनी काही होते का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी एक जुना अभ्यास सांगतो. लंडनमध्ये मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी 28 कुटुंब-डॉक्टरांच्या दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या रुग्णांवर तो केला. 1979 साली तो प्रसिद्ध झाला. काहीच न सांगितलेल्या गटातले 0.3 टक्के लोक पहिल्या महिन्यातच धूम्रपान सोडून वर्षभर त्यापासून दूर राहिले. डॉक्टरांनी दोन मिनिटे स्पष्ट सल्ला दिला, पत्रक दिले आणि पुन्हा विचारणार आहे असे बजावले, त्या गटात हे प्रमाण 5.1 टक्के झाले. आकडा लहान दिसतो. पण असा सल्ला देशातले सगळे डॉक्टर रोज देऊ लागले, तर किती माणसे तंबाखूतून सुटतील याचा हिशेब करून पाहावा. प्रशिक्षणाचाही पुरावा आहे. कॉक्रेन संस्थेच्या 2012 सालच्या आढाव्यात 17 चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा सल्ल्याचे प्रशिक्षण मिळालेले कर्मचारी रुग्णांना जास्त वेळा विचारतात आणि त्यांचे रुग्णही जास्त प्रमाणात धूम्रपान सोडतात, असे दिसले.

वेळ नसतो, ही डॉक्टरांची अडचण खोटी नाही. 67 देशांतल्या अभ्यासांच्या 2017 सालच्या आढाव्यात भारतातल्या प्राथमिक तपासणीचा वेळ दोनेक मिनिटांवर आला. स्वीडनमध्ये तो 22 मिनिटांहून जास्त. म्हणूनच लांबलचक समुपदेशन शिकवून भागणार नाही. दोन मिनिटांत विचारणे, ऐकणे, एक स्पष्ट वाक्य सांगणे आणि पुढे कोणाकडे पाठवायचे ते ठाऊक असणे, हेच कौशल्य म्हणून घटवून घ्यायला हवे. सुई टोचायला शिकवतो तसे: आधी दाखवून, मग करवून, मग चुका सांगून. दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे निघाली आहेत. तिथे तोंड पाहता पाहता बोलायची संधी आपसूकच मिळते, आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांच्याकडून शिकण्याजोगे आहे.

नोकरीतल्या प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. राज्यात ठरते, विभागात मास्टर ट्रेनर तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला. चार पायऱ्या उतरेपर्यंत पाच दिवसांचे तीन तास होतात, भूमिका वठवण्याचे सत्र पहिल्यांदा गळते आणि स्लाइड वाचन तेवढे शिल्लक राहते. जामखेडने उलटा मार्ग दाखवला होता: थोडे थोडे, वारंवार, कामाच्या जागी. तोच परवडणाराही आहे.

सल्ला आणि संवाद एवढ्यावर थांबलो, तर मात्र आपण ओटावाच्या सनदेचा पाचवा हिस्साच शिकवला असे होईल. फिनलंडच्या उत्तर कॅरेलियात 1972 पासून पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली हृदयविकाराविरुद्ध काम झाले. परिचारिकांना रक्तदाबाच्या कामात तरबेज केले, गृहिणींच्या संघटना बरोबर घेतल्या, लोण्याऐवजी वनस्पती तेल आणायला खाद्यउद्योगाशी बोलणी केली, दुग्ध व्यावसायिकांना बोरवर्गीय फळांच्या शेतीकडे वळायला मदत केली. चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराने होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. हे काम करणारा डॉक्टर शेतकरी, कारखानदार, पत्रकार आणि आमदार यांच्याशी बोलू शकत होता. आपल्याकडे 2012 साली गुटख्यावर राज्यात बंदी आली, तेव्हा कर्करोगाच्या शल्यचिकित्सकांनी जबडा कापावा लागलेले रुग्ण लोकांसमोर आणले, मंत्र्यांना भेटले. पाठपुरावा म्हणतात तो हाच. 2007 पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने तिचे संयोजन केले. त्यातल्या जनसुनवाईत वैद्यकीय अधिकारी लोकांसमोर बसले, तक्रारी ऐकल्या, उत्तरे दिली. कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे डॉक्टरचे मोठे शिक्षण आहे. इंटर्नला 12 आठवड्यांत एकदा तरी ग्रामसभेत बसवावे; गावाचे आरोग्य कुठे ठरते ते त्याला तिथे दिसेल.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आरोग्याकडे तर आपण पाहतच नाही. ज्या निवासी डॉक्टरला सलग 36 तास जागवले जाते, ज्याचे जेवण कँटीनमधल्या वडापाववर निभावते, तो झोप आणि आहाराबद्दल कोणत्या तोंडाने बोलेल? स्वतः व्यायाम करणारे डॉक्टर रुग्णांनाही त्याबद्दल जास्त सांगतात, असे अमेरिकेत एरिका फ्रँक यांनी दाखवून दिले आहे. वसतिगृहाची खानावळ, खेळाचे मैदान आणि ड्यूटीचे तास हा आरोग्य संवर्धनाच्या शिक्षणाचाच भाग मानायला हवा.

एकूण चित्र असे आहे. ज्याच्या शब्दाला समाजात वजन आहे, त्या डॉक्टरला हे काम शिकवलेले नाही. जिला शिकवले आहे, त्या आशाताईच्या शब्दाला व्यवस्थेत वजन नाही. नव्या संस्था, नव्या पदव्या काढण्याआधी हे दोन धागे एकमेकांना जोडता येतील. अनुभवी आशाताई आणि आरोग्यसेविका यांना वैद्यकीय महाविद्यालयात मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवा. गृहभेट कशी करायची हे त्यांनी दाखवावे, विद्यार्थ्यांनी मागे बसून पाहावे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने प्रात्यक्षिक परीक्षेत पाच मिनिटांचे एकच स्टेशन ठेवावे: समोर मशेरी लावणारी बाई, बोलून दाखवा. मेडिसिन, स्त्रीरोग, बालरोग या विषयांच्या परीक्षेतही तेच करावे, म्हणजे हे काम एकट्या पीएसएमचे राहणार नाही. परीक्षेत आले की वर्गात येईल, कोचिंगमध्येही येईल. याला कोट्यवधींचा निधी लागत नाही.

तुमच्या घरातले, ओळखीतले कोणी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असेल, तर त्याला किंवा तिला एक विचारा: तू दत्तक घेतलेल्या कुटुंबातल्या माणसांची नावे काय, आणि गेल्या खेपेला त्यांनी तुला काय सांगितले? उत्तर आले नाही, तर तो प्रश्न त्याच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना पत्राने विचारा.